शेवगा : बियांचा आणि फांदीचा

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की खेड्यातली कुंपणं जरा निरखून पाहावीत. मे महिन्यात तारेला आधार म्हणून ठोकलेल्या मेढींपैकी एखाद-दुसऱ्या मेढीला हिरवे कोंब फुटलेले दिसतात. ते लाकूड शेवग्याचं असतं. मूळ नाही, पान नाही, वरचं टोक कोयत्यानं तोडलेलं. तरीही डोळे सुटतात आणि हिवाळ्यापर्यंत मेढीचं झाड होऊन जातं. पानमळ्यांत नागवेलीला चढायला शेवरी आणि पांगाऱ्याच्या जोडीनं शेवगा लावतात, तोही या भराभर वाढण्याच्या गुणामुळेच.

इतक्या सहज येणाऱ्या या झाडाविषयी घरोघरच्या तक्रारी मात्र ठरलेल्या आहेत. झाड दुसऱ्या मजल्याला टेकलं, पण शेंग एकही नाही. शेंगा आल्या त्या वीतभर आणि नुसत्या चोथ्याच्या. वळवाच्या पावसात झाड मुळासकट आडवं झालं. कुंडीतलं रोप महिनाभर छान होतं, मग पानं पिवळी पडून गळाली. या चारही तक्रारींचा उगम चार साध्या गोष्टींत सापडतो: बी पेरलं की फांदी रोवली, ती कोणत्या झाडाची होती, मुळाशी पाणी किती राहिलं आणि पुढे झाडावर कोयता चालवला की नाही.

शेवगा मूळचा वायव्य भारतातला, हिमालयाच्या पायथ्याचा. शास्त्रीय नाव मोरिंगा ओलिफेरा. त्याच्या कुळात मोरिंगा ही एकच प्रजाती आणि तिच्यात जेमतेम १३ जाती. त्यांतल्या बहुतेक आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानाकडच्या. भारतात सापडणाऱ्या एका जातीनं कोकणाचं नाव घेतलं आहे, मोरिंगा कोंकॅनेन्सिस. कोरड्या, डोंगराळ भागात मिळणारा हा रानशेवगा. परसातल्या शेवग्याची जन्मभूमी लक्षात ठेवली की त्याची निम्मी निगा आपोआप समजते. उताराची, पाणी निथळून जाणारी जमीन, दिवसभराचं ऊन आणि वर्षातले काही महिने कोरडे. साचलेलं पाणी, दाट सावली आणि गोठवणारी थंडी या तीन गोष्टी त्याला सोसत नाहीत. अमेरिकेच्या थंड भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शेवगा लावायचा असेल तर कुंडीतच लावून पहिल्या हिमापूर्वी घरात घ्यावा लागतो, तो यासाठीच.

आधी बियांचं पाहू. भाजीला आणलेल्या शेंगेतलं बी पेरून हाती काही लागत नाही, कारण ती शेंग कोवळी असतानाच तोडलेली असते. बियाण्यासाठी शेंग झाडावरच वाळू द्यावी लागते. ती तपकिरी होते, तिच्या तीन शिवणी उकलू लागतात आणि आत पांढऱ्या, भुसभुशीत गरात एका रांगेत बसलेल्या बिया दिसतात. प्रत्येक बी गोल, तपकिरी आणि तिच्या कडेला तीन पातळ पंख. वाऱ्यावर उडून लांब पडण्यासाठी निसर्गानं दिलेले हे पंख पेरण्यापूर्वी काढले तरी बिघडत नाही. शेंग पूर्ण तडकून बी जमिनीवर सांडण्यापूर्वी उतरवून घ्यावी.

बी ताजं हवं, यावर जितका भर द्यावा तितका थोडाच. शेवग्याच्या बियाला सुप्तावस्था नसते. झाडावरून उतरलं की ते उगवायला तयार असतं, आणि साध्या डब्यात, उष्ण हवेत पडून राहिलं की त्याची उगवणशक्ती झपाट्यानं घटते. वर्षापूर्वीची पुडी फोडून पेरणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. उन्हाळ्यात वाळलेल्या शेंगांचं बी त्याच जून-जुलैत मातीत जावं. आपल्याकडच्या हवामानात हा क्रम निसर्गानंच लावून दिलेला आहे: उन्हाळ्यात शेंग पिकते, वळवाच्या वाऱ्यात बी उडतं आणि मृगाच्या पावसात रुजतं.

पेरण्याची रीत सोपी आहे. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावं. रोपांच्या काळ्या पिशवीत किंवा दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली चार भोकं पाडून तिच्यात माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात भरावं. पाऊण ते एक इंच खोल, पिशवीला दोन बिया. माती ओलसर राहील इतकंच पाणी. हवा उबदार असेल तर ५ ते १२ दिवसांत कोंब वर येतो. दोन्ही बिया उगवल्या तर जोमदार रोप ठेवून दुसरं जमिनीलगत कात्रीनं कापावं. उपटलं तर ठेवलेल्या रोपाची मुळंही हलतात.

या रोपाची खरी करामत मातीखाली चाललेली असते. रोप वीतभर उंच होतं न होतं तोच त्याचं सोटमूळ फुगायला लागतं. पांढरं, गुबगुबीत, मोडलं तर नाकाला झोंबणारा वास. इंग्रजांच्या राज्यात हे मूळ किसून मांसाच्या ताटात चटकदार तोंडीलावणं म्हणून वाढत असत. तो प्रयोग आज कुणी करू नये, कारण मुळात आणि मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. रोपाला मात्र हे मूळ म्हणजे अन्नपाण्याचं कोठार. त्याच्या बळावर ते पहिला उन्हाळा काढतं आणि वादळात तग धरतं. म्हणून रोप पिशवीत फार दिवस ठेवू नये. मूळ तळाला टेकलं की वळतं, आणि वळलेलं सोटमूळ पुढे कधीच सरळ खाली जात नाही. चार ते सहा आठवड्यांत, मातीचा गोळा न फोडता, रोप कायमच्या जागी जावं. जागा आधीच ठरलेली असेल तर पिशवीच्या फंदात न पडता थेट खड्ड्यातच बी टोकणं सगळ्यात उत्तम.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, आणि जमीन काळी चिकण असेल तर वाळू किंवा बारीक मुरूम. मराठवाडा-विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत खड्डा करून झाड लावलं की त्या खड्ड्याचं पावसाळ्यात डबकं होतं. तिथे फूटभर उंचवटा करून त्याच्या माथ्यावर शेवगा लावावा. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत हा त्रास कमी, पण तिथे पाऊसच इतका की आळं करून पाणी अडवण्याचा मोह पावसाळाभर टाळलेला बरा.

आता बियांमधला जुगार. शेवग्याची फुलं भल्या सकाळी उमलतात आणि त्यांच्यावर मधमाश्या येतात, लाकूड पोखरून घर करणारे मोठे काळे भुंगे येतात. हे भुंगे या झाडाचे फार महत्त्वाचे परागवाहक. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर परागकण नेत असल्यानं बहुतेक बी संकरातून तयार होतं. शेजारच्या वाड्यातल्या झाडाच्या शेंगा कितीही लांब, गरदार आणि गोड असल्या तरी त्यांच्या बियांपासून तशीच शेंग मिळेल याची खात्री नसते. बियांचा बाप कोण हे त्या भुंग्यालाच ठाऊक. काही रोपं आईपेक्षा सरस निघतात, काही अगदी सामान्य, आणि एखाद्याची शेंग कडूही निघते. दोन-तीन वर्षं वाट पाहिल्यावर हे कळतं, ही त्यातली खरी अडचण.

या अडचणीवर तामिळनाडूत तोडगा निघाला. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम इथल्या उद्यानविद्या महाविद्यालयात शास्त्रज्ञांनी एका स्थानिक वाणाचं पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करून, निवड करत करत, बियांपासून लावता येईल असा वाण स्थिर केला. तोच पीकेएम-१, १९८९ साली प्रसारित झालेला. पेरल्यापासून पाच-सहा महिन्यांत फुलोरा, सात-आठ महिन्यांत शेंगा, शेंग दोन फुटांहून थोडी लांब, आणि चांगल्या निगेत वर्षाला झाडामागे दोनशेच्या आसपास शेंगा. झाड बुटकं राहतं, दर वर्षी छाटून दोन-तीन वर्षं खोडवा घेता येतो, मग नवं बी. शेवगा हे परसातलं झाड होतं, त्याचं शेतातलं पीक झालं ते बऱ्याच अंशी या वाणामुळे. त्यानंतर पीकेएम-२ आला, कर्नाटकात बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचा ‘भाग्य’ आला. महाराष्ट्रात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात शेतकऱ्याच्या निवडीतून पुढे आलेला ‘रोहित-१’ही. घरी बियांपासून शेवगा करायचा असेल तर अशा नावाच्या वाणाचं, चालू हंगामातलं बी कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावं. मिळालेल्या झाडाचं बी धरून पुन्हा पेरलं की मात्र तोच भुंगा, तोच जुगार.

फांदीचं तसं नाही. फांदीपासून येणारं झाड हे जुन्याच झाडाचं पुढचं आयुष्य असतं. शेंगेची लांबी, गर, चव, बहराची वेळ, सगळं जसंच्या तसं. पीकेएमच्या आधी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत गाजलेले वाण, जाफना किंवा चावकच्चेरी, हे वर्षानुवर्षं टिकणारे मोठे वृक्ष. ते फांद्यांवरच गावोगाव पोहोचले. आपल्याकडेही लेक सासरी जाताना किंवा पाहुणा परत निघताना ‘फांदी घेऊन जा’ असं म्हणण्याची पद्धत होती, तिच्यामागे हाच अनुभव होता.

पण छाट कलम फसण्याचं प्रमाणही पुष्कळ आहे, आणि फसतं ते बहुतेक वेळा फांदीच्या निवडीतच. पेन्सिलीएवढी हिरवी, लुसलुशीत डहाळी कुंडीत खोचली की ती आठवड्यात काळी पडते. शेवग्याला हवी असते जून फांदी: किमान वर्षभराची, साल करडी-तपकिरी झालेली, मनगटाएवढी किंवा त्याहून जाड, आणि चार-पाच फूट लांब. जाडीचा संबंध पोटातल्या साठ्याशी आहे. मुळं फुटेपर्यंत फांदीला बाहेरून काही मिळत नाही. ती स्वतःत साठवलेल्या अन्नावर जगते. बारीक डहाळीत तो साठाच नसतो.

फांदी तोडण्याची वेळ म्हणजे शेंगांचा हंगाम संपल्यावर, मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. झाडाची छाटणी तेव्हा करायचीच असते, त्यामुळे शेजाऱ्याला मागायलाही संकोच नाही. धारदार कोयत्यानं किंवा करवतीनं, साल न फाटता, स्वच्छ काप घ्यावा. कोणतं टोक वरचं आणि कोणतं खालचं याची खूण तिथल्या तिथेच करावी; पानं काढलेल्या सरळ दांड्यात नंतर फरक कळत नाही आणि उलटी रोवलेली फांदी जगत नाही. मग दोन-तीन दिवस ती सावलीत उभी ठेवावी. शेवग्याचं लाकूड मऊ आणि पाणीदार असतं. ताजा ओला काप थेट ओल्या मातीत गेला की कुज लागते, कापाचं तोंड थोडं सुकलं की हा धोका बराच कमी होतो.

रोवताना एकतृतीयांश भाग मातीत, म्हणजे साधारण दीड फूट. पहारीनं भोक पाडून फांदी सोडावी आणि भोवतीची माती पायानं घट्ट दाबावी. हातोड्यानं ठोकत बसू नये, खालची साल सोलून निघते. वरचं तोंड तिरकं असावं म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही, आणि त्याला शेणाचा जाड लेप द्यावा. खेड्यात कलमाच्या माथ्यावर शेणाचा गोळा थापलेला दिसतो, तो यासाठीच: आतली ओल टिकते आणि पाणी आत मुरत नाही.

यानंतरचा टप्पा संयमाचा. आठ-पंधरा दिवसांत डोळे फुटतात, कोवळी पानं येतात आणि लावणाऱ्याला वाटतं, झाड लागलं. ते अजून लागलेलं नसतं. हे कोंब फांदीच्या साठ्यावर फुटलेले असतात, मुळं यायला आणखी काही आठवडे जातात. या काळात फांदी हलवून पाहणं आणि तिच्यावर पाण्याचा मारा करणं, दोन्ही घातक. पावसानं मोठी उघडीप दिली तरच, वरची माती कोरडी झाल्यावर, थोडं पाणी द्यावं. श्रावण संपतानाही पानं टवटवीत असतील आणि नवे फुटवे जोरात असतील तर मुळं धरली असं समजावं. अशा झाडाला पुढच्याच हंगामात शेंगा लागू शकतात.

फांदीच्या झाडाची एक उणीव कायमची असते. त्याला सोटमूळ नसतं. मुळं उथळ, आजूबाजूला पसरलेली. उन्हाळ्यात त्याला बियांच्या झाडापेक्षा लवकर तहान लागते आणि वाऱ्यात ते लवकर कोसळतं. म्हणून फांदी आडोशाला लावावी, पहिली दोन वर्षं काठीचा आधार द्यावा आणि झाड उंच जाऊ देऊ नये. थोडक्यात निवड अशी: कोरडवाहू, वाऱ्याच्या, दुर्लक्षित जागेसाठी बी, आणि एखाद्या झाडाची शेंग मनापासून आवडली असेल तर त्याची फांदी.

शहरात, गच्चीवर, जमीनच नसते. तिथे शेवगा होतो, पण बारा इंची कुंडीत होत नाही. दोनशे लिटरचा पिंप मधोमध कापून मिळणारा अर्धा भाग ही कामाची जागा. तळाला पाच-सहा मोठी भोकं, त्यावर विटांचे तुकडे, मग माती, वाळू आणि गांडूळखत. पिंप विटांवर उचलून ठेवावा म्हणजे पाणी खालून निघून जातं आणि स्लॅबही कोरडी राहते. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर शेवगा मरतो तो बहुतेक वेळा कोकोपीट भरलेल्या कुंडीत रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातल्यानं. बोट दोन पेरं खाली घालून माती कोरडी लागली तरच पाणी. पिंपात शेंगा मोजक्याच येतील, पण पानं भरपूर मिळतील, आणि तेवढ्यासाठीही तो लावावा असा हा भाजीपाला आहे.

शेवग्याच्या लागवडीत सगळ्यात दुर्लक्षित हत्यार म्हणजे कोयता. रोप अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडावा. बाजूनं फुटवे येतात, तेही हात-दीड हात वाढले की पुन्हा खुडावेत. झाड झुडपासारखं घेरदार होतं आणि शेंगा हाताला येतात. खुडलं नाही तर ते एका दांडीनं आकाशाकडे धावतं, शेंगा तिसऱ्या मजल्यावरच्यांना मिळतात आणि फांदी तोडायला चढणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. शेवग्याची फांदी बाहेरून भक्कम दिसली तरी कडकन मोडते. या झाडावर कुणीही चढू नये. शेंगांचा हंगाम संपला की खोड जमिनीपासून तीन फुटांवर छाटावं, बुंध्याला शेणखत द्यावं. चार-पाच महिन्यांत ते पुन्हा फुलावर येतं.

मराठी घरांत पूर्वापार सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. एक गरीब पण मानी कुटुंब दारच्या शेवग्याच्या शेंगा गुपचूप विकून दिवस काढत असतं. मुलं दुसरं काही करत नाहीत. हे पाहून घरी आलेला पाहुणा रात्री उठून झाड तोडतो, आणि नाइलाजानं कामाला लागलेली ती मुलं पुढे नावारूपाला येतात. गोष्ट आळसाविरुद्धची आहे, पण तिच्यात या झाडाची केवढी मोठी पावती दडलेली आहे! एक झाड एका घराची चूल पेटती ठेवू शकतं, हे ऐकणाऱ्यांना नवल वाटत नव्हतं. आणि पाहुण्यानं बुंधा खणून काढला नसेल, तर पुढच्या पावसाळ्यात तो शेवगा फुटून आला असणारच.

झाड हिरवंगार आहे आणि फूल नाही, या तक्रारीचं उत्तर बहुधा जास्तीच्या लाडात असतं. सतत पाणी आणि वरचेवर युरिया मिळाला की शेवगा पानंच वाढवतो. पावसाळा संपल्यावर काही आठवडे पाणी तोडलं, ताण दिला, की फुलोरा येतो. कळ्या दिसू लागल्या की पुन्हा हलकं पाणी सुरू करावं. एकदम भरपूर पाणी दिलं तर फुलं गळतात. ढगाळ हवा, अवेळी पाऊस आणि कडक उन्हाच्या झळा यांनीही गळ होते, त्यावर इलाज नाही. जमिनीवर पडलेल्या स्वच्छ, ताज्या फुलांची डाळीचं पीठ पेरून भाजी करावी.

किडींत खरा त्रास केसाळ सुरवंटांचा. पावसाळ्यात ते खोडावर झुंडीनं बसलेले असतात, पानं फस्त करतात आणि अंगाला लागले की आग-खाज सुटते. घराला अगदी खेटून शेवगा नको, असं जुनी माणसं सांगत त्यामागे अशुभाची समजूत असेल, पण सुरवंट आणि मोडक्या फांद्या ही दोन कारणं आजही पटण्यासारखी आहेत. दारापासून दहा-बारा फुटांचं अंतर ठेवावं. सुरवंट दिवसा बुंध्यावर एकत्र सापडले की साबणाच्या पाण्याची जोरदार फवारणी करावी. निंबोळी अर्कही चालतो. उघड्या हातानं त्यांना स्पर्श करू नये. शेंगमाशी लागलेल्या शेंगा चिरतात, त्यांतून चिकट डिंक गळतो. अशा शेंगा वेचून नष्ट कराव्यात, झाडाखाली पडू देऊ नयेत. शेळ्यांपासून राखण मात्र पहिल्या दिवसापासून हवी. त्यांना या पाल्याची फार आवड.

शेंगेच्या नादात पान विसरलं जातं, हे महाराष्ट्राच्या देशावरचं मोठं नुकसान. सिंधुदुर्गात तसं नाही. गोकुळाष्टमीला तिथे शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी होतेच. सोबत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. श्रावणात झाडाला शेंग नसते, पाला मात्र कोवळा आणि मुबलक असतो. सण हंगामावर कसा बेतला गेला हे त्यातून दिसतं. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सहा ग्रॅमहून अधिक प्रथिनं, ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि १०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असतं. पालेभाजीसाठी हे आकडे फारच मोठे. क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रो यांनी २०१२ मध्ये शेवग्याच्या लागवडीचा जाहीर पुरस्कार केला, तो या पोषणमूल्यांमुळेच. मात्र महागड्या डब्यांतून विकल्या जाणाऱ्या पानांच्या भुकटीविषयी सावध असावं. पानं वाळवताना क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नष्ट होतो. ज्याच्या गच्चीत पिंपभर शेवगा आहे त्याला त्या डब्याची काहीच गरज नाही.

बियांचा आणखी एक उपयोग नाईल नदीच्या काठी, सुदानमधल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला. सोललेल्या बियांची पूड गढूळ पाण्यात ढवळली की तिच्यातलं प्रथिन चिखलाच्या कणांना एकमेकांना चिकटवतं आणि गाळ तळाला बसतो. सामिया अल अझारिया यान या शास्त्रज्ञ विदुषीनं त्यावर दीर्घ काळ संशोधन केलं आणि जगाचं लक्ष तिकडे वेधलं. अशा पाण्यातले सगळे जंतू मरत नाहीत, ते उकळावंच लागतं.

राहिला प्रश्न जुन्या झाडांचा. पीकेएम-१ आणि त्याच्या भाऊबंदांनी शेवगा बारमाही बाजारात आणला, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याच काळात वाडे पडले, परसं गेली, रस्ते रुंद झाले, आणि त्या त्या गावच्या चवीचे जुने शेवगे कुठेही नोंद न होता तोडले गेले. कुणाची शेंग आखूड पण लोण्यासारखी मऊ, कुणाची वर्षातून दोनदा येणारी. हे गुण बियांत जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून बियांच्या पुडीत ते जपून ठेवता येत नाहीत. ज्यांच्या गावी, आजोळी किंवा जुन्या घराच्या मागे असं एखादं झाड अजून उभं आहे, त्यांनी येत्या मेअखेर त्याच्या मनगटाएवढ्या दोन-तीन फांद्या तोडाव्यात, वरच्या टोकाला खूण करावी, तीन दिवस सावलीत ठेवाव्यात आणि पहिल्या पावसात रोवाव्यात. एक आपल्या दारी, बाकीच्या मागेल त्याच्या.